रामेनच्या दुकानात नूडल्सचं घड्याळ चालतं

शिजलेल्या नूडल्स गरम सुपात पडल्या की त्या चांगल्या राहण्याची मुदत आठ-दहा मिनिटांची. बारीक नूडल्स असल्या तर चार-पाचच. त्यानंतर त्या सूप पिऊन फुगतात, दाताखालचा ताण जातो आणि सूपही पिठूळ लागायला लागतं. सुपातल्या गव्हाच्या नूडल्सच्या या वाडग्यालाच रामेन म्हणतात. जपानमधल्या गर्दीच्या रामेन-दुकानात पहिल्यांदा गेलेल्या माणसाला बरंच काही चमत्कारिक वाटतं: पैसे आधी, तेही दारातल्या यंत्रात, कुणी गप्पा मारत नाही, खाऊन झालं की लगेच उठायचं. या सगळ्याचं मूळ त्या थोड्याशा मिनिटांत आहे. हे ध्यानात आलं की तिथले नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात.

दुसरं कारण जागेचं आणि पैशाचं. अशा दुकानात खुर्च्या आठ ते पंधरा, बहुतेक सगळ्या स्वयंपाकघरासमोरच्या एका लांब कट्ट्याला लावलेल्या. साध्या वाडग्याची किंमत 1000 येनच्या आसपास. या धंद्यातले लोक ‘हजार येनची भिंत’ असा शब्द वापरतात, कारण आकडा त्याच्या वर गेला की नेहमीचं गिऱ्हाईक बिचकतं. दहा खुर्च्या आणि इतकी कमी किंमत असली की दुकान तेव्हाच तगतं, जेव्हा एकेक खुर्ची दुपारभरात पुन्हा पुन्हा भरते. बाहेर पाऊण तास उभं राहिलेलं माणूस आत पंधरा-वीस मिनिटांत खाऊन उठतं आणि त्याला त्यात काही कमी पडल्यासारखं वाटत नाही.

वाडगा भरतो कसा

कट्ट्यावर बसलात की समोरच्या माणसाच्या हातांकडे बघा. रामेन हे पातेल्यात शिजवून ठेवलेलं कालवण नव्हे. मिसळ जशी गिऱ्हाईक आल्यावर जुळवतात, तसं हे वाडग्यात जुळवलं जातं. पाच गोष्टी वेगवेगळ्या तयार असतात: तारे, सूप, तेल, नूडल्स आणि वर मांडायचे पदार्थ.

तारे म्हणजे घट्ट, खारट अर्क. एका वाडग्याला साधारण 30 मिलिलिटर. वाडग्यातलं बहुतेक मीठ यातूनच येतं. मोठ्या पातेल्यातल्या सुपात मीठ जवळजवळ नसतं. आधी गरम पाण्याने तापवून घेतलेल्या वाडग्यात तारे पडतं, त्यावर चमचाभर सुगंधी तेल, मग 300 मिलिलिटरच्या आसपास उकळतं सूप. हे तेल म्हणजे कोंबडीची चरबी, डुकराची चरबी, किंवा कांद्याची पात, लसूण, सुकी मासळी यांच्या वासाचं तेल. आपल्याकडे तर्री जे काम करते तेच त्याचं काम: वास धरून ठेवायचा आणि वरून झाकण घालून सूप गरम ठेवायचं.

तोवर पलीकडे नूडल्स शिजत असतात. तेबो नावाची लांब दांड्याची, खोलगट जाळी असते. एका जाळीत एका माणसापुरत्या नूडल्स. घंटी वाजली की जाळी वर येते आणि दोन-तीन जोरदार झटके बसतात. हा दिखावा नाही. नूडल्सला चिकटून आलेलं पाणी सुपात गेलं तर मोजून घातलेलं तारे फिकं पडतं, म्हणून ते पाणी झटकलंच पाहिजे. मग नूडल्स सुपात सोडून, लांब चॉपस्टिक्सनी एकदा वर उचलून, घडी घातल्यासारख्या आडव्या ठेवतात. असं केलं की धागे एका दिशेला राहतात आणि खाताना गुंता होत नाही. वर चाशू, म्हणजे सोया सॉसमध्ये मंद शिजवलेलं डुकराचं मांस, आंबवलेल्या बांबूच्या कोंबांचे तुकडे ज्यांना मेन्मा म्हणतात, कांद्याची पात, नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा पातळ पापुद्रा, आणि अजितामा हे मुरवलेलं अंडं. अंडं साडेसहा-सात मिनिटंच उकडलेलं असतं, त्यामुळे बलक मधासारखा राहतो. नूडल्स जाळीतून बाहेर आल्यापासून वाडगा तुमच्यासमोर येईपर्यंत मिनिटभरसुद्धा लागत नाही.

ही जुळणी कळली की मेन्यूचा मोठा गोंधळ सुटतो. शोयू, शिओ आणि मिसो ही ताऱ्याची नावं: सोया सॉस, मीठ, आणि आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट. तोनकोत्सु हे मात्र सुपाचं नाव, डुकराच्या हाडांचं. म्हणून ‘तोनकोत्सु-शोयू’ असं जोडनाव दिसलं तर त्यात गैर काही नाही. एक शब्द सूप सांगतो, दुसरा तारे.

सूपही दोन जातींचं. आच मंद ठेवून, उसळू न देता काढलेलं सूप नितळ राहतं. उलट क्युशू बेटावरच्या हाकाता पद्धतीत हाडं दहा-बारा तास आणि कधी त्याहून जास्त वेळ खळखळून उकळतात. हाडांमधल्या कोलॅजनचं जिलेटिन होतं, उसळीमुळे चरबीचे बारीक थेंब होतात आणि जिलेटिन त्या थेंबांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही. त्यामुळे सूप दुधासारखं पांढरं दिसतं. त्यात दूध किंवा मलई असते असा समज बऱ्याच जणांचा असतो, तो चुकीचा.

नूडल्समधला खार

रामेनच्या नूडल्स आणि साध्या गव्हाच्या शेवया यांत फरक करणारी गोष्ट एकच: कान्सुई. सोडियम कार्बोनेट आणि पोटॅशियम कार्बोनेट या क्षारांचं हे मिश्रण, म्हणजे पापडखाराचं भावंडच. उडदाच्या पापडाच्या पिठात खार पडला की पीठ जसं बदलतं, तसंच इथेही: ग्लुटेन आवळून येतं, नूडल्सला स्प्रिंगसारखा ताण येतो, उकळत्या सुपातही त्या लवकर विरघळत नाहीत. गव्हातली रंगद्रव्यं क्षारात पिवळी होतात, म्हणून रामेनच्या नूडल्स पिवळसर दिसतात. पिवळा रंग म्हणजे अंडं, असं गृहीत धरू नका. मात्र काही नूडल्समध्ये अंडं असतंही, तेव्हा विचारणं बरं.

मग प्रश्न पाण्याचा. हाकाताच्या बारीक, सरळ नूडल्समध्ये 100 ग्रॅम पिठाला 30 ग्रॅमपेक्षाही कमी पाणी असतं. उत्तर जपानमधल्या सप्पोरो शहराच्या जाड, नागमोडी नूडल्समध्ये ते 35 ते 40 ग्रॅमपर्यंत जातं. कोरड्या नूडल्स सूप झपाट्याने ओढून घेतात. चव छान उतरते, पण त्या तितक्याच झपाट्याने मऊ पडतात. जास्त पाण्याच्या नूडल्स चिवट असतात आणि तग धरतात. हाकातामध्ये वाडगा लहान देऊन नंतर नूडल्स पुन्हा मागवायची पद्धत का पडली, त्याचं उत्तर या एका आकड्यात आहे.

रांग आणि यंत्र

निघण्याआधी त्या दिवशी दुकान उघडं आहे का ते बघा. आठवड्याची सुट्टी ठरलेली असते, दुपारी तीन ते पाचच्या सुमारास बरीच दुकानं बंद असतात आणि सूप संपलं की वेळेआधी दार लागतं. बारा-चौदा तास उकळून केलेलं सूप त्या दिवशी परत करता येत नाही, त्यामुळे ‘थोडं तरी असेल’ असा आग्रह धरण्यात अर्थ नसतो.

रांग कधी दोन तुकड्यांत असते, शेजारच्या दुकानाचं दार मोकळं राहावं म्हणून. पुढच्या तुकडीच्या शेवटी जाऊन उभं राहण्याची चूक इथेच होते. खरं शेपूट कुठे आहे ते आधी शोधा. चौघांतल्या एकाने रांग धरायची आणि बाकीच्यांनी नंतर येऊन घुसायचं, हे चालत नाही. सगळे जमले की मगच रांगेत या. चौघांना एकत्र जागा मिळेलच असं नाही, ती तयारी ठेवा. एका माणसाला एक वाडगा हा नियम बहुतेक ठिकाणी आहे. दोघांत एक मागवून वाटून खाणं तिथे बसत नाही.

काही दुकानांत आधी यंत्रातून तिकीट काढून मग रांगेत उभं राहायचं, काहींत रांगेत उभं राहून नंबर आल्यावर तिकीट. पाटी वाचता येत नसेल तर पुढच्या माणसाच्या हातात तिकीट आहे का ते बघा. यंत्रात आधी पैसे घालायचे, मग बटण दाबायचं. उलट केलं तर काहीच होत नाही. 1000 येनच्या नोटा जवळ ठेवा. जुनी यंत्रं 5000 आणि 10000 च्या नोटा घेत नाहीत, आणि 3 जुलै 2024 ला जपानमध्ये नव्या नोटा आल्या, त्या न ओळखणारी यंत्रंही आहेत. कार्ड चालेल असं धरून जाऊ नका. काय मागवावं कळत नसेल तर सगळ्यात वरच्या ओळीतलं डावीकडचं बटण दाबा. दुकान आपला मुख्य पदार्थ बहुतेक तिथेच ठेवतं, आणि पहिल्या भेटीत तोच खावा असं आमचं ठाम मत आहे.

कधी कधी तुम्ही बाहेर रांगेत असतानाच कुणीतरी येऊन तिकीट घेऊन जातं. घाबरायचं नाही. जाड नूडल्सला पाच-सहा मिनिटं आणि कुठे त्याहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे तुम्ही बसण्याआधीच त्या पाण्यात टाकायच्या असतात. म्हणून तिकीट दिल्यावर रांग सोडून फोनवर बोलायला लांब जाणं हा मोठा घोळ ठरतो: तुमच्या नूडल्स शिजून तयार आणि खुर्ची रिकामी.

विचारतील काय, सांगायचं काय

सगळी दुकानं प्रश्न विचारत नाहीत. तीन प्रकारची दुकानं विचारतात, आणि तिघांचे प्रश्न वेगळे.

हाकाता पद्धतीत नूडल्स किती कडक हव्यात ते विचारतात. फुत्सू म्हणजे नेहमीसारख्या, काता म्हणजे कडक, बारीकाता म्हणजे खूप कडक, यावा म्हणजे मऊ. दुकानागणिक फरक पडतो, पण फुत्सूला पाऊण-एक मिनिट आणि बारीकाताला पंधरा-वीस सेकंद असा अंदाज धरा. त्याच्याही पलीकडे हारीगाने, म्हणजे ‘तार’, आणि कोनाओतोशी, म्हणजे ‘पीठ झटकलं’, असे प्रकार आहेत. त्या नूडल्समधला स्टार्च पुरता शिजलेला नसतो, कच्च्या पिठाची चव लागते. नवख्याने काता सांगावं. सुपात पडल्यावरही नूडल्स शिजतच असतात, त्यामुळे थोड्या कडक मागवलेल्या शेवटच्या घासापर्यंत बऱ्या राहतात.

योकोहामाच्या पद्धतीला इएकेई म्हणतात. 1974 साली तिथे सुरू झालेल्या योशिमुराया या दुकानापासून ती पसरली: डुकराच्या हाडांचं सूप, सोया सॉसचं तारे, आखूड जाड नूडल्स, वर पालक आणि नोरीचे मोठे तुकडे. इथे तीन गोष्टी विचारतात: नूडल्स, चवीचा ठसका, तेल. कडक, तीव्र आणि जास्त हवं असेल तर ‘कातामे, कोइमे, ओओमे’ असं म्हणणारे बरेच असतात, पण पहिल्या वेळी तिन्हीला ‘फुत्सू’ म्हणा. सोबत भाताची वाटी घेतलीत तर नोरी सुपात भिजवून त्यात भात गुंडाळून खा. या पद्धतीतला हा सगळ्यात सुंदर घास.

तिसरी पद्धत जिरो. 1968 साली टोकियोत सुरू झालेल्या या दुकानाची मिता भागातली मुख्य शाखा केइओ विद्यापीठाजवळ आहे. लहान वाडग्यातही कच्च्या वजनाने 300 ग्रॅमच्या आसपास नूडल्स असतात, म्हणजे इतर दुकानांच्या जवळजवळ दुप्पट, आणि त्यावर उकडलेल्या मोड-कोबीचा डोंगर. इथे चूक होते ती वेळेत. तिकीट देताना फक्त नूडल्सचं सांगायचं. कमी हव्या असतील तर ‘मेन सुकुनामे’. लसूण, भाजी, चरबी, जास्त खारट यांचं सांगायचं अगदी शेवटी, वाडगा भरत आला की समोरून ‘निन्निकु इरेमासुका’ (लसूण घालू का) असं विचारतात तेव्हा. तेवढा प्रश्न कानावर आला की ‘निन्निकु’ (लसूण), ‘यासाई’ (भाजी), ‘आबुरा’ (चरबी), ‘कारामे’ (जास्त खारट) यांतलं हवं ते म्हणायचं. काही नको असेल तर ‘सोनो मामा’. चार-सहा वाडगे एकदम भरले जातात, त्यामुळे उत्तर पाच सेकंदांत हवं. आणि पोटाचा अंदाज आधीच घ्या: ढीगभर उरवून उठणं इथे फार वाईट दिसतं.

खायचं कसं

वाडगा आला की आधी पळीने दोन घोट सूप. टेबलावर मिरपूड, व्हिनेगर, किसलेला लसूण, मिरचीचं तेल, लाल आलं असं बरंच काही असतं, पण चव घेण्याआधी काही घालू नका. हाकाताच्या दुकानांत मोहरीच्या पानांचं तिखट लोणचं असतं, ते तर आधीच टाकलं की पांढऱ्या सुपाची चव कायमची जाते. व्हिनेगर अर्धा वाडगा संपल्यावर घाला, तेलकटपणा कापला जातो.

नूडल्स आवाज करत ओढायच्या. सोबत हवा आत जाते, नूडल्स थोड्या निवतात आणि वास नाकापर्यंत मागून पोचतो. आवाज करता आला नाही तरी कुणी नाराज होत नाही, पण फुंकर मारत, नूडल्स वर धरून, फोटो काढत बसलात तर वेळ जातो. एक फोटो पुरे. काही दुकानांत माणसांचे फोटो चालत नाहीत. सप्पोरोच्या मिसो रामेनबाबत जपून राहा: वर चरबीचा जाड थर असतो, वाफ दिसत नाही, आणि खाली सूप जीभ भाजेल इतकं कढत असतं.

हाकातामध्ये नूडल्स पुन्हा मागवण्याला काएदामा म्हणतात. हाकाता ज्या शहरात येतं त्या फुकुओकाच्या नागाहामा मासळीबाजारातल्या घाईच्या माणसांसाठी ही सोय निघाली. दोन-तीन घास उरले असताना मागवा, पूर्ण संपल्यावर नाही, नाहीतर सूप गार होतं. आणि सूप निम्मं तरी शिल्लक हवं. नव्या नूडल्ससोबत थोडं पाणी येतंच, चव फिकी पडते. त्यासाठी टेबलावर ताऱ्याची लहान बाटली असते. चमचाभर पुरतं.

त्सुकेमेन हा निराळा प्रकार: धुऊन गार केलेल्या जाड नूडल्स वेगळ्या आणि दाट, खारट सूप वेगळं. एका वेळी चार-पाच धागे बुडवायचे. ते सूप तसंच पिण्यासाठी नसतं. शेवटी ‘सूप-वारी’ मागितलं की त्यात गरम पातळ रस ओतून देतात आणि मग ते पिण्याजोगं होतं.

सगळं सूप संपवायलाच हवं असं नाही. पूर्ण वाडग्यात पाच ते सात ग्रॅम मीठ असू शकतं, आणि जपानच्या आहार-मानकांत प्रौढ पुरुषाला दिवसाला 7.5 आणि स्त्रीला 6.5 ग्रॅमहून कमी मीठ सांगितलं आहे. सूप उरवणं अपमान नव्हे.

शाकाहारी माणसाने काय करावं

पुण्या-मुंबईहून जाणाऱ्या कितीतरी जणांचा खरा प्रश्न हाच, आणि फसगतही इथेच होते. ‘यासाई रामेन’ किंवा ‘तानमेन’ म्हणजे भाज्यांचं रामेन. पण सूप डुकराचं किंवा कोंबडीचं, आणि भाज्या बहुतेक डुकराच्या चरबीत परतलेल्या. ‘मांस नको’ म्हणालात तर वरचे तुकडे काढून देतील. सूप, तेल आणि तारे तेच. ताऱ्यातही सुक्या बोनिटो माशाचा किंवा निबोशी या सुक्या लहान मासळीचा अर्क असतो. शिओ किंवा मिसो नाव दिसलं म्हणजे शाकाहारी, हा समज सोडून द्या. नेहमीच्या दुकानात आग्रह धरून काही बदलून घेता येत नाही, कारण सूप आदल्या रात्रीपासून शिजलेलं असतं.

उपाय एकच: ‘बीगान’ (व्हीगनचा जपानी उच्चार, म्हणजे मांस, मासळी, अंडं, दूध काहीच नसलेलं) म्हणून वेगळं सूप करणाऱ्या दुकानातच जायचं. टोकियो स्टेशनच्या आत, तिकीट-दरवाज्याच्या पलीकडे, टीज तानतान हे पूर्ण व्हीगन दुकान आहे. तिथे जायला रेल्वेचं किंवा फलाटाचं तिकीट लागतं. तीळ, सोया दूध आणि मिरची यांवर उभं राहणारं तानतानमेन व्हीगन पद्धतीत सगळ्यात चांगलं जमतं, कारण जिलेटिनने येणारा दाटपणा तिळाच्या पेस्टने येतो. चवीची खोली कोंबू हे समुद्री शेवाळ आणि सुके शिताके मशरूम देतात. कोंबूत ग्लुटामेट हे चव देणारं द्रव्य आहे, हे इकेदा किकुनाए यांनी 1908 साली शोधलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. सुक्या शिताकेत ग्वानिलेट हे असंच दुसरं द्रव्य असतं, आणि दोन्ही एकत्र आले की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी वाढते. मांसाशिवायचं सूप पाणचट असायलाच हवं असं नाही, ते यामुळे.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी व्हीगन दुकानातही आधी विचारावं. पात आणि लसूण तेलातच असतात. हलाल हवं असणाऱ्यांनी डुकराचं मांस नाही एवढ्यावर थांबू नये, ताऱ्यात साके आणि मिरिन या तांदळाच्या दारू पडतात.

खाऊन झालं की वाडगा उचलून समोरच्या उंच फळीवर ठेवा, तिथे ठेवलेल्या फडक्याने आपल्यापुढची जागा पुसा, जेवणाबद्दल आभार म्हणून ‘गोचिसोसामा’ म्हणा आणि निघा. टीप ठेवायची नसते. आणि बाहेर पडताना दार हळूच लावून घ्या, रांगेत उभ्या असलेल्या पुढच्या माणसाच्या नूडल्स एव्हाना पाण्यात पडलेल्या असतात.